पुंगळीतली मोकळी जागा

विंचेस्टर कंपनीने १८७३ साली आणलेल्या रायफलीच्या काडतुसाला पुढे ४४-४० हे नाव रूढ झाले. पहिला आकडा गोळीच्या व्यासाचा ढोबळ निर्देश करतो आणि दुसरा दारूचे वजन सांगतो, चाळीस ग्रेन. ग्रेन म्हणजे आपल्या सराफाच्या गुंजेच्या साधारण निम्मे. त्याच वर्षी अमेरिकी लष्कराने स्वीकारलेल्या रायफलीचे काडतूस ४५-७०, म्हणजे सत्तर ग्रेन दारूचे. हेच ४४-४० पुढे १८७८ पासून कोल्टच्या रिव्हॉल्व्हरमध्येही चालू लागले, तेव्हा गुराख्याच्या खांद्यावरची आणि कमरेची अशा दोन्ही हत्यारांना एकच पुंगळी पुरू लागली. वजन नावातच सांगण्याची ही पद्धत मात्र पुढच्या तीस वर्षांत मागे पडली. १९०६ साली आलेल्या ३०-०६ या काडतुसातला दुसरा आकडा दारूचा नाही, तो सालाचा आहे. दारूचे वजन आधी नावात का होते आणि मग ते नावातून का गळाले, याचे उत्तर शोधू लागलो की उडवलेली पितळी पुंगळी पुन्हा भरण्याच्या प्रथेचा इतिहास उलगडत जातो. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. जुन्या काळात पुंगळीच भरणाऱ्याला सांभाळत होती, कारण ती काठोकाठ भरली की माप पुरे होई. बिनधुराची दारू आली आणि पुंगळीत मोकळी जागा उरू लागली. तेव्हा राखणीचे काम धातूकडून निघून छापील तक्त्यांकडे, दाब मोजणाऱ्या उपकरणांकडे आणि भरणाऱ्याच्या शिस्तीकडे आले. हाताने काडतूस भरणे जे काही सुरक्षित झाले, ते मुख्यतः या बदलामुळे. पोलाद सुधारले, पितळ सुधारले, त्याचा वाटा आहे. पण तो दुय्यम आहे.

पुंगळी पुन्हा वापरण्याची कल्पना काटकसरी लोकांनी मागाहून शोधली असा समज आढळतो, तो बरोबर नाही. ती कल्पना काडतुसाच्या जन्माबरोबरच आली. दारू, गोळी आणि पेटवण्याचा मसाला एकत्र बांधलेले पहिले उल्लेखनीय काडतूस स्विस कारागीर जाँ सॅम्युएल पॉली याने १८१२ साली पॅरिसमध्ये बनवले आणि त्याचे पितळी बूड पुन्हा वापरता येत असे. अमेरिकेतल्या एडवर्ड मेनार्ड या दंतवैद्याने १८५० च्या दशकात केलेली पितळी पुंगळी तर मुद्दाम पुन्हा पुन्हा भरण्यासाठीच होती. तिच्या बुडाला फक्त एक बारीक छिद्र होते आणि तिला पेटवणारी टोपी बाहेरून, बंदुकीवर बसवत. अमेरिकी यादवी युद्धात या पुंगळ्या सैनिकांनी वापरल्या. एकदाच वापरून फेकायची पुंगळी ही उलट दुसऱ्या वाटेने आली. पेटवण्याचा मसाला जिच्या कडेच्या पोकळ घडीत भरलेला असतो अशी तांब्याची पुंगळी स्वस्त पडे, पण बंदुकीच्या घोड्याच्या आघाताने ती घडी चेपली की तिच्यात नवा मसाला भरता येत नसे. खरी फाटाफूट १८६६ मध्ये झाली. इंग्लंडच्या वूलिच येथील शासकीय प्रयोगशाळेचे एडवर्ड बॉक्सर आणि अमेरिकेचे हायरम बर्डन या दोघांनी त्याच साली मध्यभागी बसणाऱ्या प्रायमरच्या, म्हणजे पेटवणाऱ्या टोपीच्या, दोन निरनिराळ्या रचना पुढे आणल्या. बॉक्सरच्या प्रायमरमध्ये मसाला ज्यावर आपटतो ती ऐरण प्रायमरच्याच पोटात असते आणि पुंगळीच्या बुडाला मध्ये एक मोठे छिद्र असते. तोंडातून सळई घातली की जुना प्रायमर बाहेर ढकलता येतो. बर्डनच्या रचनेत ऐरण पुंगळीच्या अंगातच घडवलेली असते आणि छिद्रे दोन, बारीक आणि मध्यापासून दूर, त्यामुळे हे काम फार जिकिरीचे होते. इंग्रजाची रचना अमेरिकेत रुजली आणि अमेरिकनाची युरोपातल्या लष्करांत, ही इतिहासातली विलक्षण अदलाबदल आहे. पुनर्भरणाचा छंद अमेरिकेत फोफावला आणि इतरत्र तितका फोफावला नाही, याची एक मोठी किल्ली या एका छिद्रात आहे.

अमेरिकेत त्याला फोफावायला रानही तसेच मिळाले. १८७० च्या दशकात तिथल्या गवताळ मैदानांवर कातड्यासाठी गव्यांची बेसुमार कत्तल झाली. त्या कत्तलीचे समर्थन होऊच शकत नाही, पण काडतुसाच्या इतिहासात ती टाळता येत नाही. शिकाऱ्याला रोज शेकड्यांनी बार लागत, कारखान्यातली तयार काडतुसे महाग होती आणि दुकान कित्येक दिवसांच्या वाटेवर असे. म्हणून दारूची पिंपे, शिशाच्या कांबी आणि प्रायमरच्या डब्या गाडीवर लादून तो निघे आणि रात्री तळावर दिवसभराच्या पुंगळ्या पुन्हा भरी. लष्करालाही हीच गरज वेगळ्या कारणाने भासली. नेमबाजीचा सराव वाढवायचा तर खर्च उतरवायला हवा होता, आणि तांब्याच्या पुंगळ्या तापलेल्या नळीत अडकतात ही तक्रार १८७६ च्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईनंतर जोरात होती. (त्या रणभूमीवर १९८४ साली झालेल्या उत्खननात अडकलेल्या पुंगळ्यांचा पुरावा थोडकाच मिळाला, लष्कराच्या पराभवाला कारण म्हणून ही तक्रार जरा फुगवलेली दिसते.) १८८० च्या दशकात लष्कराने बाहेरून प्रायमर बसवायची, पुन्हा भरण्याजोगी पुंगळी स्वीकारली आणि ठाण्या-ठाण्यांवर भरण्याची साधने दिली. १८८४ मध्ये कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवन येथे जॉन बार्लो याने आयडियल मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली. तिचे अडकित्त्यासारखे दिसणारे हातातले अवजार घराघरांत पोचले. जुना प्रायमर काढणे, नवा बसवणे, गोळी ओतणे आणि ती पुंगळीच्या तोंडात घट्ट करणे ही सगळी कामे त्या एकाच अवजाराने होत.

या काळात भरणारे लोक शिकलेले होते असे नाही, तराजू तर फार थोड्यांकडे असे. तरी त्यांची हत्यारे सर्रास फुटत नव्हती, याचे कारण काळ्या दारूच्या स्वभावात आहे. सोरा, कोळसा आणि गंधक यांची ही दारू जळते तेव्हा तिच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त भाग घन राख आणि काजळी होऊन उरतो. वायू त्या मानाने कमी. तिचा जळण्याचा वेग दाबाबरोबर फारसा वाढत नाही. म्हणून हवी ती ताकद मिळवायला तिचे आकारमान मोठे लागे आणि पुंगळी त्या आकारमानाच्या बेताने घडवलेली असे. काठोकाठ भरा, वर गोळी दाबा, झाले. उलट दारू आणि गोळी यांच्यामध्ये पोकळी ठेवणेच वाईट मानले जाई, कारण त्याने नळी फुगण्याचा धोका असे. म्हणजे भरणाऱ्याला शिकायचा नियम आणि पुंगळीने घातलेली मर्यादा एकाच दिशेने ओढत होते. दुप्पट भरणा करायचे मनात आले तरी तो मावणार नव्हता. वजन नावात होते याचे कारणही हेच: ४४-४० ची पुंगळी भरली म्हणजे चाळीस ग्रेन आत गेलीच. यावर कोणी म्हणेल की काळी दारू तर अतिशय धोकादायक, एका ठिणगीने पेट घेणारी. तिने किती कारखाने आणि किती माणसे जाळली! हे खरे आहे आणि ते हलक्यावारी घेण्यासारखे नाही. पण तो धोका साठ्याचा आहे, उघड्या दिव्याचा, विस्तवाचा. तो डोळ्यांना दिसतो, माणूस त्याला आपणहून भितो. भरलेल्या काडतुसाच्या पोटात लपलेली चूक ही वेगळ्या जातीची गोष्ट आहे, आणि काळ्या दारूच्या काळात तिला लपायला जागा नव्हती.

फ्रान्समध्ये पॉल व्हियेय याने १८८४ मध्ये नायट्रोसेल्युलोजपासून बिनधुराची दारू तयार केली, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत जगभरच्या बंदुका बदलल्या. नवी दारू जवळपास पूर्ण वायू होते, धूर करत नाही, आणि वजनाला वजन लावले तर काळीपेक्षा कितीतरी अधिक ऊर्जा देते. तिचा जळण्याचा वेगही दाबाबरोबर वाढतो. भोवतीचा दाब चढला की ती आणखी भराभर जळते, त्याने दाब आणखी चढतो. म्हणून दारू दुप्पट केली की दाब दुप्पट होऊन थांबत नाही, त्याहून पुष्कळ वर जातो. हातबंदुकीत याचे परिणाम सर्वांत तीव्र झाले. लहान नळीत लवकर जळून जाणारी दारू हवी, म्हणून १८९८ मध्ये लाफ्लिन अँड रँड कंपनीने बुल्सआय ही दारू काढली. ती आजही विकली जाते. त्याच सुमाराला स्मिथ अँड वेसनचे .३८ स्पेशल हे काडतूस आले. त्याची पुंगळी सुमारे एकवीस ग्रेन काळ्या दारूच्या मापाने आखलेली होती. त्याच पुंगळीत निशाणबाजीचा हलका बार भरायला बुल्सआयसारखी दारू तीन-चार ग्रेनच्या आतबाहेर पुरते. ती तळाशी चिमूटभर पडून राहते आणि वर सगळी पोकळी. एकाच पुंगळीत चुकून दोनदा, अगदी तीनदा दारू पडली तरी ती मावते, गोळी वर व्यवस्थित बसते आणि बाहेरून ते काडतूस शेजारच्या काडतुसासारखेच दिसते. दारू पडायची राहिली तर दुसरे संकट: नुसत्या प्रायमरच्या जोराने गोळी नळीत अर्ध्यावर अडकते आणि मागून येणारा पुढचा बार नळी फोडतो. जास्तीचा आणि कमीचा असे दोन्ही धोके त्या मोकळ्या जागेने एकदमच आणले.

हा फरक समजायला लोकांना वेळ लागला, आणि त्या वेळाची किंमत बोटांनी आणि डोळ्यांनी मोजली गेली. छऱ्यांच्या बंदुकीत गोंधळ सर्वांत मोठा झाला. काही कंपन्यांनी बिनधुराची दारू मुद्दाम फुगीर बनवली होती, म्हणजे जुन्याच मापाने भरली तरी चालावी. इतर कंपन्यांची दारू घट्ट होती. ती वजनाने मोजावी लागे. दोन्ही दारू दुकानात शेजारी शेजारी ठेवलेल्या, दोन्हींवर बिनधुराची असेच लिहिलेले. जुन्या मापाने घट्ट दारू भरली की नळी फाटणारच. कोल्ट कंपनीने आपल्या प्रसिद्ध सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरला बिनधुराच्या दारूची हमी १९०० च्या सुमारास दिली, म्हणजे ते हत्यार बाजारात येऊन पाव शतक उलटल्यावर. अशा काळात आयडियलची छोटी हँडबुके मला फार मोलाची वाटतात. क्रमांक देत वर्षानुवर्षे निघत राहिलेल्या त्या पुस्तिकांत अवजारांच्या जाहिराती होत्या हे खरे, पण कोणत्या पुंगळीत कोणती दारू किती, कोणती मापाने आणि कोणती वजनाने, हे त्यांत आकड्यांनिशी छापलेले असे. पुंगळीने सोडलेले काम कागदाने हाती घेतले ते इथे. १९२५ मध्ये आयडियलचा व्यवसाय लायमन कंपनीकडे गेला आणि हँडबुकाची परंपरा तिने पुढे चालवली. १९२६ मध्ये अमेरिकी सरकारच्या सूचनेवरून उत्पादकांनी आपली संस्था उभी केली आणि प्रत्येक काडतुसाची मापे व कमाल दाब ठरवण्याचे काम हाती घेतले. युरोपात असे आंतरराष्ट्रीय मंडळ १९१४ मध्येच लिएज येथे स्थापन झाले होते. फिलिप शार्प यांचा हाताने काडतुसे भरण्यावरचा जाडजूड ग्रंथ १९३७ साली आला. तोवर हा विषय अंदाजाच्या हातून निघून मोजमापाच्या हाती आला होता.

इथे एक आक्षेप विचारात घ्यायला हवा. तयार काडतुसे विकणाऱ्या कंपन्या बिनधुराच्या दारूने पुनर्भरण करू नका असा सल्ला देत. त्या सल्ल्यात भीती किती आणि धंदा किती? धंदा होताच. पण त्या काळात सल्ल्याला भक्कम आधारही होता आणि तो प्रायमरमध्ये होता. जुन्या प्रायमरच्या मसाल्यात पाऱ्याचे फल्मिनेट असे. काळ्या दारूची भरपूर काजळी त्यातला पारा शोषून घेई. बिनधुराच्या दारूत काजळीच नाही, म्हणून पारा थेट पितळेवर जाई आणि पहिल्याच बारानंतर पुंगळी ठिसूळ करी. अशी पुंगळी कितीही काळजीने भरा, पुढच्या बाराला ती चिरण्याचा संभव मोठा. मसाल्यातून पारा काढल्यावर पोटॅशियम क्लोरेट राहिले. त्याने पुंगळीऐवजी नळी गंजे. १९२० च्या दशकाअखेर जर्मनीत आणि अमेरिकेत नवे मसाले आले तेव्हा दोन्ही दोष गेले आणि पुंगळीचे आयुष्य एकदम वाढले. त्या मसाल्यांत शिशाचे संयुग आहे, आणि पुंगळ्या घोळून साफ करताना उडणारी धूळ त्यामुळेच विषारी ठरते. ही जाणीव पुष्कळ उशिरा आली.

मग धोका खरा पितळेतच होता, असे यावरून म्हणता येईल का? पितळेच्या दोषांची सर्वांत बोलकी हकिकत आपल्याच देशात घडली. काडतुसाचे पितळ म्हणजे सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त. ते चकतीपासून ओढून ओढून नळकांडे करताना कडक होत जाते आणि त्याच्या अंगात ताण साठतो. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश फौजांना हिंदुस्थानात असे आढळले की पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या न वापरताच तडकतात. पावसाळा संपून मोहिमा सुरू व्हायच्या वेळी पेट्या उघडाव्यात तर तोंडाशी चिरा. ऋतूशी जोडूनच या रोगाला नाव पडले. कारण कळायला १९२१ साल उजाडावे लागले: मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या ब्रिटिश संशोधकांनी दाखवून दिले की घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि पितळेत कोंडलेला ताण या तिन्हींची गाठ पडली की चीर पडते. उपाय साधा निघाला. पुंगळी बेताने तापवून ताण सोडवायचा, बूड मात्र कडक राहू द्यायचे. धातुशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत हे उदाहरण अजून शिकवतात. पण माझ्या मुद्द्याला ते बाधत नाही, उलट बळ देते. पितळेचा दोष बहुधा दिसतो. हातबंदुकीची सरळ भिंतीची पुंगळी थकली की साधारणपणे तिच्या तोंडाला उभी चीर जाते. ती नजरेला दिसते, नखाला लागते, आणि अशी पुंगळी मोडीत टाकता येते. जास्तीची दारू मात्र गोळी बसल्यावर ना दिसते, ना हाताला जाणवते. म्हणूनच पितळेच्या चुकांना डोळे पुरले आणि दारूच्या चुकांना आकडे लागले.

या पितळेशी महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून आहे आणि तिथल्या .३०३ काडतुसांच्या बुडावरची केएफ ही अक्षरे जगभरच्या संग्राहकांना ओळखीची आहेत. तरी पुंगळ्या पुन्हा भरण्याची नागरी परंपरा इथे उभी राहिली नाही, आणि ती कारागिरी कमी होती म्हणून नव्हे. तांबे-पितळ ठोकण्यात आपला तांबट कुणाला हार जाणारा नव्हता. कारण कायद्यात होते. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हत्यार आणि दारूगोळा दोन्ही परवान्याखाली आले. स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या कायद्यातही परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे हा गुन्हा आहे. शिवाय ब्रिटिश लष्कराची .३०३ काडतुसे बहुतांश बर्डन पद्धतीच्या प्रायमरची, म्हणजे पुन्हा भरायला अवघड. ज्या राज्यकर्त्याला रिकामी पुंगळी मोजून परत हवी होती, त्याला ती सहज भरता यावी असे वाटण्याचे कारणही नव्हते. कोकणात शेतीसंरक्षणासाठी परवान्याची ठासणीची बंदूक टिकून राहिली. तिच्यात दरवेळी दारू हाताने मोजून घालतात, पण ती काळी दारू आहे आणि पुंगळीचा तिथे प्रश्न नाही.

अमेरिकेत या प्रथेला दुसरे महायुद्ध निर्णायक ठरले. युद्धात काडतुसे, गोळ्या, प्रायमर सगळेच नागरिकांना दुर्मीळ झाले. तेव्हा फेकून द्यायच्या .२२ च्या पुंगळ्या, ज्या पुन्हा भरता येत नाहीत त्याच, काहींनी दाबून गोळीचे वरचे कवच म्हणून वापरल्या. आयडाहोतल्या लुइस्टनचे व्हर्नन स्पीअर आणि कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलचे फ्रेड हंटिंग्टन यांनी १९४३ च्या सुमारास याच उद्योगातून सुरुवात केली, आणि १९४९ मध्ये नेब्रास्कातल्या ग्रँड आयलंडला जॉइस हॉर्नेडी यांनी स्वतःची कंपनी काढली. आजचे पुनर्भरणाचे मोठे उद्योग या टंचाईतून जन्मले आहेत. पण मला या काळातली ब्रूस हॉजडन यांची हकिकत अधिक महत्त्वाची वाटते. युद्ध संपल्यावर सरकारकडे लष्करी दारूचे डोंगर पडून होते. हॉजडन यांनी ती दारू घेऊन किरकोळ विकायला काढली, स्वस्तात. मात्र ती दारू कारखान्यांसाठी बनलेली होती. छंदी माणसासाठी तिचे तक्ते बाजारात नव्हते. तक्ता नसलेली बिनधुराची दारू कितीही स्वस्त असो, ती वापरता येत नाही. म्हणून दारूबरोबर आकडे पुरवणे हा त्या व्यापाराचाच भाग झाला. पुढे अमेरिकी कार्बाइनची उरलेली दारू याच वाटेने .३५७ आणि .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हरांत आली, तीही आकड्यांच्या पाठोपाठ.

मॅग्नम काडतुसांवरून पोलादाच्या बाजूचा आक्षेप येतो. चांगल्या पोलादानेच माणसे वाचली असे कोणी म्हणेल. पण .३५७ चा जन्म पाहा. १९३० च्या दशकात हौशी नेमबाज .३८ च्या पुंगळीत ठरलेल्याहून खूप जास्त दारू घालून ती जड चौकटीच्या मजबूत रिव्हॉल्व्हरमधून उडवत. हत्यार टिकत होते म्हणून भरणा वाढत गेला. पोलादाने दिलेली सवलत माणसाने लगेच खर्च केली. स्मिथ अँड वेसनने १९३५ मध्ये हा वाढीव बार अधिकृत केला तेव्हा पुंगळी मुद्दाम इंचाच्या सुमारे आठव्या भागाने लांब केली, जेणेकरून ती जुन्या, कमकुवत .३८ रिव्हॉल्व्हरमध्ये शिरूच नये. हा चांगला अडसर होता, पण तो कारखान्याच्या काडतुसापुरता. घरी भरणारा माणूस .३८ च्याच पुंगळीत काहीही घालू शकत होता. युरोपातली जुनी परंपरा, म्हणजे बर्मिंगहॅमसारख्या ठिकाणी प्रत्येक बंदूक जास्तीच्या बाराने तपासून शिक्का मारण्याची, तीही बंदुकीची परीक्षा घेते. उद्या तिच्यात कोण काय भरेल याची नाही.

याहून बळकट आक्षेप अलीकडचा आहे. मोकळी जागा हाच रोग असेल तर ती भरून का टाकू नये? या शतकाच्या पहिल्या दशकात ऑस्ट्रेलियात बनलेली आणि हॉजडनने विकलेली ट्रेल बॉस ही दारू तेच करते. तिचे कण मधे भोक असलेल्या लहान कड्यांसारखे आहेत, म्हणून थोड्या वजनात ती पुंगळी भरते आणि दुप्पट पडली तर बाहेर सांडते. जुन्या पद्धतीच्या रिव्हॉल्व्हरांनी मंद बार उडवणाऱ्या खेळात ती आवडती झाली. राखण पुन्हा पुंगळीकडे देता येते, हे मला मान्य करावे लागते. पण ती मंद बारापुरतीच देता येते. पूर्ण ताकदीचा बार, स्वयंचलित पिस्तुलाची छोटी पुंगळी, जड गोळी यांना असली फुगीर दारू पुरत नाही. एका खेचेसरशी प्रत्येक वेळी तयार काडतूस सोडणारी यंत्रे घराघरांत आली तेव्हा त्यांवर दारूची पातळी तपासणारा, चूक दिसली की आवाज करणारा भाग बसवावा लागला, तो याच कारणाने.

राहिले एक जुने वादाचे प्रकरण. .३८ मधल्या हलक्या बारांनी रिव्हॉल्व्हर फुटल्याच्या घटना घडत गेल्या तेव्हा अनेक अनुभवी माणसांनी ठामपणे सांगितले की आमच्याकडून दुप्पट भरणा होणे शक्य नाही. त्यांच्या मते मोठ्या पोकळीत थोडी दारू असली की ती जळण्याऐवजी स्फोटासारखी उडते. प्रामाणिक माणसांचे हे म्हणणे सहज उडवून लावण्यासारखे नव्हते आणि ते तपासलेही गेले. लवकर जळणाऱ्या पिस्तुली दारूचा हलका, बरोबर मोजलेला बार घेऊन तसा स्फोट खात्रीने पुन्हा घडवता आला नाही. दोनदा दारू भरली की मात्र तसेच नुकसान झाले. आपल्या हातून चूक झाली नाही ही माणसाची खात्री आणि पुंगळीत प्रत्यक्ष काय होते, यांतले अंतर त्या मोकळ्या जागेएवढेच आहे. नव्या हँडबुकांत कमाल भरणा जुन्यांपेक्षा कमी का, यावरही असाच वाद चालतो. वकिलांच्या भीतीने आकडे उतरवले, असे पुष्कळ जण मानतात. भरपाईच्या दाव्यांचा काहीच परिणाम झाला नसेल असे मी म्हणणार नाही. पण जुने आकडे तांब्याचा छोटा गोल तुकडा दाबाने किती चेपला यावरून काढलेले होते. ती पद्धत अँड्र्यू नोबल यांनी एकोणिसाव्या शतकात तोफांसाठी बसवलेली, आणि ती संबंध बाराला मिळून एकच आकडा देते. विद्युत् संवेदक आले तेव्हा सेकंदाच्या हजाराव्या भागात दाब कसा चढतो आणि कुठे शिखर गाठतो ती संपूर्ण रेषा दिसू लागली. काही जुन्या भरण्यांची शिखरे तांब्याच्या तुकड्याने सांगितली होती त्याहून उंच निघाली, आणि तक्त्यांतले ते भरणे त्यानुसार खाली आणले गेले.